फोर व्हील गाडीची निगा हाही कामाचाच भाग

शेतकरी कुटुंबांतील पुष्कळ तरुण आज वर्षातील काही महिने शेताबाहेरच्या कामावर असतात. कालव्याचे खोदकाम, रस्त्याचे भराव, खडीची क्रशरे, चाळकेवाडी-वनकुसवड्यासारखी पवनचक्क्यांची पठारे, वणी-चंद्रपूर भागातील उघड्या कोळसा खाणी अशा ठिकाणी माणसे, डिझेल, हत्यारे व सुटे भाग पोहोचविण्यासाठी लहान गाड्या लागतात. जेथे धड रस्ता नसतो तेथे ही गाडी चारही चाकांना ओढ देणारी असावी लागते. बोलताना आपण तिला ‘फोर व्हील’ म्हणतो. अशी गाडी कर्ज काढून घ्यावयाची व कंत्राटदाराकडे महिनेवारी भाड्याने लावावयाची, किंवा दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राहावयाचे, हा आता अनेक घरांचा जोडधंदा झाला आहे.

शेतीच्या पत्रिकेत ह्या विषयाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे की, गाडीचा हप्ता आणि पिकाचे उत्पन्न ही दोन्ही एकाच घरात येतात. गाडी दोन महिने बंद पडली तर तिचा हप्ता कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशांतून जातो, आणि पुढील हंगामातील खताला हात आखडता घ्यावा लागतो. चालक जायबंदी झाला तर हानी पैशांत मोजताही येत नाही. दुसरे उत्तर असे की, हीच रचना आता ट्रॅक्टरांतही येऊ लागली आहे. कामावरच्या जीपविषयी जे शिकावयाचे ते पुष्कळ अंशी शेतावरही उपयोगी पडणारे आहे.

शिवाय ह्या गाडीचे शेतीशी नाते जुने आहे. चारही चाकांना ओढ देणाऱ्या हलक्या गाडीचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या जीपमुळे झाला. परंतु युद्ध संपल्यावर १९४८ साली इंग्लंडमध्ये पुढे आलेली लँड रोव्हर शेतावर उपयोगी पडावी ह्याच हेतूने आखलेली होती. जर्मनीतील युनिमोग ह्या गाडीच्या चाकांमधील अंतर तर बटाट्याच्या दोन ओळींशी जुळेल असे ठेवण्यात आले होते. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर विकास गटाची जीप खेडोपाडी परिचयाची झाली.

ह्या विषयावर माझे मत मी आरंभीच स्पष्ट करतो. कामावरच्या गाड्या अकाली मोडतात व अपघात होतात, ह्याचा दोष नेहमी चालकाच्या अज्ञानावर ढकलला जातो. अज्ञान असते, नाही असे नाही. परंतु मूळ कारण निराळे आहे. गाडी तपासण्यास व निगा राखण्यास जो वेळ लागतो तो कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. मालक तो चालकावर सोडतो, चालक मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मुकादमाला फेऱ्या हव्या असतात. यास्तव तीन गोष्टी झाल्या पाहिजेत : निगेचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा, तो भाड्याच्या करारात लिहिला जावा, आणि सदोष गाडी न हलविण्याचा अधिकार चालकाला असावा. हे मागणे अवास्तव नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

ओढ म्हणजे पकड नव्हे

फोर व्हील गाडीविषयीचा सर्वांत घातक समज म्हणजे ती कोठेही जाते व कशीही थांबते हा होय. पुढील चाकांना ओढ जोडल्याने इंजिनाची शक्ती चार ठिकाणी वाटली जाते व मऊ जमिनीतून गाडी पुढे सरकते, एवढेच तिचे काम. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरांची पकड, गाडीचा वेग व तिच्यावरील भार ह्यांवर अवलंबून असते. साध्या गाडीतही ब्रेक चारही चाकांना असतातच. म्हणून चिखलात फोर व्हील गाडी साध्या गाडीपेक्षा लवकर वेग घेते, पण थांबते मात्र तिच्यासारखीच. पुष्कळ गाड्या ह्याच फसवणुकीमुळे बांधावरून खाली गेल्या आहेत.

दुसरी गोष्ट उंचीची. ह्या गाड्या जमिनीपासून उंच असतात, म्हणून त्यांचा तोल लवकर जातो. टपावर पाइप, शिडी वा डिझेलचे डबे बांधले की तोल आणखी वर जातो. जड सामान नेहमी खाली, दोन आखांच्या मध्ये व घट्ट बांधून ठेवावे. मागे उभे राहून किंवा सामानावर बसून माणसे नेणे सर्वथा वर्ज्य करावे. कामाच्या आवारातही आसनपट्टा बांधावाच, कारण गाडी उलटते तेव्हा पट्टा नसलेला मनुष्य बाहेर फेकला जाऊन तिच्याखालीच सापडतो.

ओढ केव्हा जोडावी

कामावर चालणाऱ्या बहुसंख्य गाड्यांत पुढील चाकांची ओढ चालकाने स्वतः जोडावयाची व सोडावयाची असते. ही रचना नीट समजली पाहिजे. गाडी वळते तेव्हा पुढील चाके मोठ्या वर्तुळातून जातात व मागील चाके लहान वर्तुळातून. पुढचा व मागचा आख एकमेकांस जखडलेले असता हा फरक कोठेतरी भरून निघावा लागतो. चिखलात, वाळूत किंवा सैल मुरमावर चाके थोडी घसरतात व फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर ती घसरत नाहीत. मग तो सर्व पीळ प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस व ट्रान्स्फर केस ह्यांवर पडतो. स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात, आणि एके दिवशी आतील दाता तुटतो. ‘गाडी कमकुवत निघाली’ असे मालक म्हणतो. वस्तुतः कामावरून गावी येताना ओढ सोडण्याचे राहून गेलेले असते. पक्का रस्ता लागला की ओढ सोडावी, हा नियम अंगवळणी पडला पाहिजे. ज्या गाडीत चारही चाकांना ओढ कायम असते तिला हा नियम लागू नाही. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे तिच्या पुस्तकात पाहून घ्यावे.

ह्याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे व साधारण सारख्या झिजेचे असावेत. पुढे नवे व मागे गुळगुळीत अशी चाके ठेवली तर सरळ चालतानाही आखांत पीळ भरतो.

ओढ अडचणीत शिरण्यापूर्वी जोडावी, रुतल्यावर नव्हे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाके फिरू लागली की ती स्वतःच खड्डा खणतात व गाडी आखावर बसते. तेथे मग चारही चाकांचा उपयोग राहत नाही. ‘लो’ ह्या खालच्या टप्प्यात गाडीचा वेग पुष्कळ कमी होतो व ओढ त्या प्रमाणात वाढते. तीव्र चढ, तीव्र उतार व खोल चिखल ह्यांसाठीच तो टप्पा आहे. बहुतेक गाड्यांत तो गाडी उभी करून किंवा अगदी मंद वेगात जोडावा लागतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांवरच असतात. भरलेली ट्रॉली घेऊन मातीच्या उतारावरून येताना पुढील ओढ जोडलेली असली म्हणजे ब्रेकचा परिणाम पुढील चाकांपर्यंतही पोहोचतो. तसेच पुढील लहान व मागील मोठी चाके ठराविक प्रमाणात जुळविलेली असल्याने बाजारात स्वस्त मिळाला म्हणून भलत्या मापाचा टायर चढवू नये.

चढ, उतार आणि पाणी

चढ असो वा उतार, गाडी सरळ न्यावी. उतारावरून आडवी नेल्यास एक चाक खड्ड्यात जाताच किंवा वरच्या बाजूचे चाक दगडावर चढताच ती कलंडते. चढाच्या मध्यावर गाडी अडली तर ती वळविण्याचा प्रयत्न करू नये. ब्रेकने धरावी, मागचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या धाकात सरळ मागे यावे. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. क्लच दाबून किंवा गाडी मोकळी सोडून उतरणे म्हणजे सर्व भार ब्रेकवर टाकणे होय. ब्रेक तापले की पकड सोडतात. खडबडीत जमिनीवर अंगठे स्टिअरिंगच्या चाकाच्या आत गुंतवू नयेत. पुढचे चाक दगडावर आदळले की स्टिअरिंग एकाएकी फिरते व अंगठा दुखावतो.

उभ्या गाडीविषयी एक बारकावा फारच थोड्यांस ठाऊक असतो. ट्रान्स्फर केसचा दांडा मोकळ्या जागी राहिला असेल तर गाडी गिअरमध्ये असूनही चाके सुटी असतात. ‘गिअरमध्ये लावली आहे’ ह्या भरवशावर चालक खाली उतरतो आणि गाडी घरंगळते. म्हणून उतारावर हँडब्रेक ओढावा, दोन्ही दांडे पाहावेत, आणि चाकाखाली लाकडी पाचर द्यावी. ही पाचर गाडीत कायमची असावी. शोधून आणलेला दगड हा तिला पर्याय नव्हे.

वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. साचलेल्या पाण्याचा तळ व खोली प्रथम काठीने पाहावी. लांब चालून तापलेला आख थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकसते, आणि आखाची हवा खेळविणारी नळी तुंबलेली असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. नंतर डिफरन्शियलचे तेल दुधासारखे पांढरट दिसू लागते. असे तेल ताबडतोब बदलावे, नाहीतर बेअरिंगे गंजतात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबीत थोडे अंतर चालवून ते कोरडे करून घ्यावेत.

मोठ्या यंत्रांच्या शेजारी

खाणीत किंवा भरावाच्या कामावर लहान गाडीला सर्वांत मोठा धोका डंपरचा असतो. डंपर वा पोकलेन चालविणाऱ्यास आपल्या यंत्राच्या अगदी जवळचा भाग दिसत नाही. जीप पुढे उभी असली तरी ती त्याच्या दृष्टीस पडेलच असे नाही. उंच काठीवर झेंडा व दिवा लावण्याची पद्धत ह्याचसाठी आहे. परंतु झेंडा लावला म्हणजे सर्व झाले असे मानू नये. मोठ्या यंत्राच्या मागे किंवा अगदी लगत गाडी उभी करू नये, त्याच्या फिरण्याच्या कक्षेत शिरू नये, आणि त्याच्या चालकाने पाहिले व खूण केली ह्याची खात्री झाल्यावाचून पुढे जाऊ नये. त्या कामावर भोंग्याचे जे संकेत ठरले असतील ते नव्या चालकास पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजेत. ते सांगितले नसल्यास त्याने स्वतः विचारावेत. त्यात कमीपणा नाही.

रुतलेली गाडी काढणे हे कामही तितकेच जोखमीचे आहे. आधी फावडे, मग फळ्या, आणि शेवटी टोचन, असा क्रम असावा. चाकांपुढील चिखल काढून दगड-फांद्या अंथरल्या तर पुष्कळदा टोचनाची गरजच पडत नाही. टोचन करावेच लागले तर दोर किंवा वायर गाडीच्या सांगाड्यास असलेल्या मजबूत हुकात अडकवावी, बंपरला कधीही नव्हे. ताण आल्यावर वायर ओलांडू नये. बघ्यांना दोराच्या लांबीहूनही अधिक दूर उभे करावे, आणि वायरवर ओले पोते टाकावे. तुटलेली वायर चाबकासारखी उलटते.

रोजचा पाव तास

आपला शेतकरी बैल जुंपण्यापूर्वी त्याचा खांदा पाहतो, खूर पाहतो, गाडीच्या आखाला वंगण देतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करतो. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. बैल दुखावला तर पेरणी चुकते, हे तो जाणतो. लोखंडाची गाडी लंगडत नाही, म्हणून तिची दुखापत दिसत नाही, एवढाच भेद. ती दिसावी म्हणून रोज सकाळी पुढील तपासणी करावी :

१. इंजिनाचे तेल, रेडिएटरचे पाणी व ब्रेकचे तेल पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

२. गाडीखाली वाकून पाहावे. तेलाचा डाग, लोंबता पाइप, तुटलेला पाटा, सैल झालेला क्रॉस तेथेच दिसतो.

३. टायरांतील हवा, चिरा व चाकांच्या नटांची घट्टाई पाहावी. चाक बदलले असल्यास एक फेरी झाल्यावर नट पुन्हा आवळावेत. वाळूत हवा कमी केली असेल तर पक्क्या रस्त्यास लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी.

४. एअर फिल्टर तपासावा. क्रशर किंवा खाणीच्या धुळीत तो लवकर भरतो. कागदी फिल्टर आपटून झटकू नये, त्याने तो फाटतो. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकावा, आणि फाटलेला असल्यास टाकून द्यावा. फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ इंजिनाचे पिस्टन व लायनर घासून काढते.

५. ब्रेक, हँडब्रेक, भोंगा, दिवे व काचेवरील वायपर चालवून पाहावे.

६. चिखलातून आल्यावर संध्याकाळी चाकांच्या आतील व आखांवरील चिखल धुवावा. वाळलेला चिखल सील फाडतो. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर क्रॉस व इतर सांध्यांना ग्रीस द्यावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर पडते.

ह्या साऱ्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. दहा तासांच्या पाळीत पाव तास म्हणजे चाळिसावा हिस्सा. सामान्य रस्त्यावर किलोमीटर मोजून सर्व्हिसिंग केले तर चालते. कामावर गाडी तासन् तास खालच्या गिअरमध्ये, धुळीत व मंद वेगाने चालते, म्हणून तेल व फिल्टर बदलण्याचा काळ तासांवर व परिस्थितीवर ठरवावा. कठीण वापरासाठी कंपनीच्या पुस्तकात जे जवळचे अंतर दिलेले असते तेच आपल्याला लागू आहे असे समजावे.

हा वेळ कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कंत्राटदार म्हणतात, ‘आम्ही गाडी भाड्याने घेतली आहे, निगा मालकाने पाहावी.’ हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. गाडी मालकाची आहे आणि तिची मोडतोड त्याच्याच माथी बसते. परंतु गाडी पहाटे सहा वाजता फाटकावर हजर हवी व रात्री आठपर्यंत सुटता कामा नये, असे ठरविणारा मालक नसतो. दिवस ज्याने विकत घेतला त्याने त्यातील पाव तास निगेसाठी मोकळा ठेवला पाहिजे. नाहीतर ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ असा हा प्रकार होतो. गाडी बंद पडली की काम कंत्राटदाराचेही अडते, आणि अपघात झाला तर काम बंदच पडते, हे त्यांनीही विचारात घ्यावे.

गाडीमालकांचीही सुटका नाही. फेरीवर पैसे देऊन चालकास घाईला लावावयाचे, आणि मग ‘नीट चालवीत नाही’ म्हणून त्याला बोल लावावयाचा, हे न्यायाचे नव्हे. चालकाने ब्रेकची तक्रार केली असता ‘आजचा दिवस ओढ’ असे उत्तर देणारा मालक स्वतःच्या घरातील कर्त्या मुलाला त्याच गाडीवर बसवील काय? पुष्कळदा तो चालक त्याच्याच भावकीतील मुलगा असतो.

म्हणून भाडे ठरविताना कागदावर चार ओळी अवश्य लिहून घ्याव्यात : रोजची तपासणी कामाच्या वेळेत धरली जाईल, ब्रेक, स्टिअरिंग, टायर वा दिवे सदोष असता गाडी हलविण्याची सक्ती केली जाणार नाही, सर्व्हिसिंगसाठी ठराविक दिवस गाडी मोकळी मिळेल, आणि कामाच्या आवारात टोचन करताना झालेल्या हानीची जबाबदारी कोणाची राहील. त्याबरोबरच गाडीची नोंदणी व विमा पाहून घ्यावा. खाजगी वापरासाठी नोंदलेली गाडी भाड्याने लावल्यास अपघाताच्या वेळी विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. शेतीच्या वापरासाठी विमा उतरविलेला ट्रॅक्टर मुरमाच्या वाहतुकीस लावण्यापूर्वी विमा कंपनीस लेखी विचारावे.

ग्रामकार्यकर्त्यांना विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी पुष्कळ करण्यासारखे आहे. पावसाळ्यापूर्वी एक दिवस गावातील सर्व चालक, गाडीमालक व ट्रॅक्टरधारक ह्यांना एकत्र बोलवावे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक किंवा अनुभवी मिस्त्री ह्यांच्याकडून प्रत्यक्ष गाडीवर तपासणी करून दाखवावी. ओढ केव्हा जोडावी व केव्हा सोडावी हे व्याख्यानाने समजत नाही. वाळूत व डांबरी रस्त्यावर गाडी वळवून स्टिअरिंगचा फरक हातास जाणवू द्यावा. ज्यांची गाडी कामावर आहे त्यांना एक साधी वही ठेवावयास सांगावे. तीत तारीख, चाललेले तास, टाकलेले तेल व आढळलेला दोष एवढेच लिहावे. पुढे वाद उत्पन्न झाला तर ही वहीच चालकाची साक्षीदार ठरते.

चालक बंधूंनाही एक सांगणे आहे. सदोष गाडी घेऊन निघण्यास नकार देणे हे भित्रेपणाचे लक्षण नाही. बैलाचा खांदा सुजला असता त्याला औताला न जुंपणाऱ्या शेतकऱ्यास गावात कोणी आळशी म्हणत नाही. त्याला जाणता म्हणतात. कामावरच्या चालकासही तोच मान मिळाला पाहिजे, आणि तो मिळवून देणे हे मालक, कंत्राटदार व आपण सर्व ह्यांचे कर्तव्य आहे. येत्या हंगामात भाड्याचे करार होतील तेव्हा पाव तासाची ती एक ओळ कागदावर आलीच पाहिजे, असा आग्रह प्रत्येकाने धरावा.